नवव्या होलजवळची वाळू

२ नोव्हेंबर, रविवार

आज आसिया पहिल्यांदा मैदानावर आली. ती सांगलीहून निघाली, आम्ही साताऱ्याहून, आणि कराडच्या अलीकडे लालासाहेबांच्या माळावर भेटलो. फौजेतून परतल्यावर लालासाहेबांनी घरच्या माळावर नऊ होलचं गोल्फचं मैदान केलं, त्याला आता वीस वर्षं झाली. उन्हाळ्यात ते मैदान कमी आणि माळच जास्त असतो. नोव्हेंबरात मात्र हिरवं असतं. ह्यांच्याबरोबर गेली बारा वर्षं मी दर रविवारी तिथे जाते. घरात आम्ही दोघं फारसं बोलत नाही. तिथेही नाही, पण तिथे न बोलणं शोभून दिसतं.

आसियाला सगळं मी दाखवणार होते. क्लब कसा धरायचा, कुठे उभं राहायचं, कोणाला आधी जाऊ द्यायचं. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रत्येक शर्यतीत ती पुढे असायची आणि मी तिचा स्वेटर धरून रेषेपाशी उभी. वाटलं, साठीनंतर का होईना, आपली पाळी आली.

नवव्या होलच्या हिरवळीला लागून वाळूचा मोठा खड्डा आहे, बंकर. त्याचं माझं जुनं वैर. गेल्या डिसेंबरात तिथल्या माझ्या फटक्यांपायी आम्ही जोडीची स्पर्धा हरलो.  परतताना ह्यांनी गाडीत रेडिओ लावून ठेवला.

आसियाचा चेंडू नेमका तिथेच पडला. मी धीर द्यायला पुढे होणार, तोवर ती खड्ड्यात उतरलीसुद्धा. पाय वाळूत रुतवले, क्लब एवढा मागे नेला की मला वाटलं आता चेंडू कराडात जातो. वाळू फवाऱ्यासारखी उडाली, आणि त्या वाळूबरोबर चेंडू अलगद उठून झेंड्यापाशी येऊन बसला, पाळलेल्या मांजरासारखा.

"वा!" हे म्हणाले. "हे कुठे शिकलात?"

"मस्कतला. आमच्या वेळी तिथलं सगळं मैदानच वाळूचं होतं, इंद्रजित. हिरवळसुद्धा वाळूची, तेल घालून दाबलेली. प्लॅस्टिकच्या गवताचा एक तुकडा काखेत घेऊन फिरायचं आणि त्यावर चेंडू ठेवून मारायचा. तीस वर्षं मी वाळूच मारलीय."

हे मोठ्याने हसले. असं हसताना मी ह्यांना कधी पाहिलं होतं, ते आठवायचा प्रयत्न करतेय.

आणखी एक. चाळीस वर्षांत मी ह्यांना नावाने हाक मारलेली नाही. आसियाने पहिल्याच दिवशी मारली.


६ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारी बांधकाम चालू आहे. सकाळी बघते तर हे सँड वेज, म्हणजे वाळूतून मारायचा क्लब, घेऊन तिथल्या वाळूच्या ढिगावर उभे. गवंडी काम सोडून बघत बसलेले. पाटबंधारे खात्याचा निवृत्त कार्यकारी अभियंता, आणि पायात घरातल्या चपला.

"क्रश सँड आहे," आत येऊन मला म्हणाले. "दगड फोडून केलेली. कणाला धार असते, नदीच्या वाळूसारखी सरकत नाही. आसिया म्हणते, हिच्यात क्लबचं पातं जरा कमी उघडायचं."

नाश्त्याला चार वेळा 'आसिया म्हणते' झालं. मी मोजलं. 'लीला म्हणते' असं ह्यांनी कधी कोणाला सांगितलं असेल का?


९ नोव्हेंबर, रविवार

आसियाने पिस्त्याच्या रंगाची ओढणी घेतली होती आणि डोक्यावर मोठी हॅट. बासष्टाव्या वर्षीही तिची मान तशीच आहे, उंच. केस सगळे पांढरे केलेत, म्हणजे होऊ दिलेत. मी अजून मेंदी लावते.

ह्यांनी आता तिला 'अहो' म्हणायचं सोडलं. "आसिया, तू पुन्हा एकदा दाखव."

ती खड्ड्यात उतरली, हे तिच्यामागे. "चेंडूकडे बघायचंच नाही," ती सांगत होती. "चेंडूमागे दोन बोटांवर वाळू आहे ना, तिथे मारायचं. चेंडूला हात लावायचा नाही. तो वाळूबरोबर आपणहून येतो." मग तिने ह्यांची मनगटं धरून वळवून दाखवली.

"लिली, ये ना. तुलाही दाखवते."

"मला नको. माझी सवय झालीय त्या खड्ड्याची."

"खड्ड्याची कसली सवय करतेस, वेडे!" ती वर आली आणि तिने माझा हात धरला. तिच्या हाताला हळदीचा वास येतो. मार्केट यार्डात तिच्या भावाची, शोएबची, हळदीची पेढी आहे आणि मस्कतहून परतल्यापासून ती त्याच्याकडेच राहते. नवरा गेल्यावर तिकडे कोण होतं तिचं? मी हात सोडवून घेतला.

नंतर तासभर मी झेंडा धरून उभी होते. झेंडा धरणाऱ्याकडे कोणी बघत नाही.


१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चहा दिला तर हे म्हणाले, "थँक यू, लिली."

कप हातातून सुटला नाही हेच आश्चर्य.

ते नाव पाचगणीचं. म्हाताऱ्या आयरिश सिस्टरना लीला म्हणता यायचं नाही म्हणून त्यांनी ठेवलेलं, आणि पुढे सगळ्यांनी सोडलं तरी आसियाने धरून ठेवलेलं. डिसेंबरातल्या पहाटे दोघींत एक बादली गरम पाणी मिळायचं. ती तिचे केस आधी धुवायची आणि मी मग्याने पाणी घालायची, उरलेल्यात माझे. नंतर खिडकीत बसून मी तिची वेणी घालायची आणि ती मला भूगोल पाठ करून दाखवायची. त्या खिडकीतलं नाव आहे ते.

"मला लिली म्हणू नका."

"का गं? छान आहे की. आसियानं सांगितलं."

तेच तर. तिने सांगितलं.


१६ नोव्हेंबर, रविवार

लालासाहेबांनी चहाच्या वेळी जाहीर केलं, जोड्यांची स्पर्धा २१ डिसेंबरला. एक बाई, एक पुरुष, दोघांत एकच चेंडू, आळीपाळीने मारायचा.

परतताना उंब्रजपर्यंत हे गप्प. मग म्हणाले, "लीला, तुला वाईट वाटणार नाही ना? म्हणजे ते नववं होल... आसियाबरोबर खेळलो तर यंदा संधी आहे."

"वाईट कशाला वाटेल?"

"तेच म्हटलं मी तिला. लीला समजूतदार आहे."

म्हणजे आधी तिला विचारलं. मग तिने हो म्हटलं. मग मला.

माझ्या जोडीला सुभेदार शमशेर. सत्तरीचे आहेत, एक गुडघा नवा आणि एक जुना. ते म्हणाले, "वैनीसाहेब, आपन काय जिंकाया थोडंच चाललोय? फिरून यायचं, च्या प्यायचा, घरी जायचं."

मला जिंकायचं आहे. एवढंच नाही. ह्यांनी बघावं, आणि तिने बघावं. कोणी जास्त, ते मला सांगता येत नाही.


१९ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांना सांगितलं दंतवैद्याकडे जाते, आणि गाडी घेऊन एकटी मैदानावर गेले. बुधवारी तिथे हरणाबाईशिवाय कोणी नसतं. ती माणदेशाकडची, घराणं मेंढपाळांचं. आठ वर्षांपासून लालासाहेबांकडे आहे आणि मैदानाच्या कडेच्या खोलीत राहते. खड्डे सारखे करणं तिचं काम. दाताळं ओढून ती वाळू अशी करते की पाय टाकायला संकोच वाटावा.

मी तीसेक चेंडू मारले. एक बाहेर आला, तोही वारा होता म्हणून.

हरणाबाई दाताळ्यावर हनुवटी टेकून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"आवं वैनीसाहेब, चेंडवानं तुमचं काय वाकडं केलंय?"

"म्हणजे?"

"समदी चेंडवाला मारत्यात. ती सांगलीची बाई तेवढी वाळूला मारती. तुमी भाकरी करता का न्हाई?"

"करते."

"मग तव्यावरली भाकरी उलथताना भाकरीला हानता व्हय? उलथनं खाली सारायचं. भाकरी येतीच की त्येच्यासंगं."

आसियाने हेच सांगितलं होतं. तिच्याकडून ते कानात शिरत नव्हतं.

त्यानंतर बारा मारले आणि चार बाहेर आले! हरणाबाईने पदर तोंडाला लावला, हसू लपवायला. मग तिने मला खड्ड्याच्या उताराची बाजू दाखवली. "हितं बगा. गोळा कुनीबी मारू द्या, कसाबी येऊ द्या, गडगडत हितंच येऊन बसतो. हितनं मारायची सवं करा, म्हंजी झालं."


३ डिसेंबर, बुधवार

तिसऱ्यांदा दंतवैद्य. हे म्हणाले, "एवढं काय झालंय दातांना? दाखव बघू." मी तोंड उघडलं नाही.

आज दहातले सात. ह्यांना सांगायचं नाही, आणि तिला तर नाहीच.


७ डिसेंबर, रविवार

खेळून झाल्यावर आसिया आमच्याबरोबर साताऱ्याला जेवायला आली. येताना भडंगाचा मोठा पुडा आणला होता आणि घरच्या हळदीचा डबा. मी पेढे आणून ठेवले होते. टेबलावर दोघांच्या मध्ये बसायची वेळ माझी, पण वाढत होते म्हणून ते दोघं समोरासमोर आणि मी स्वयंपाकघराच्या दारात.

तिने ह्यांना सगळं सांगितलं. आम्ही गॅदरिंगच्या नाटकात राजा-राणी झालो होतो ते. मी ताप आला म्हणून रडत होते तेव्हा ती सिस्टरचा डोळा चुकवून सिक-रूममध्ये माझ्या पलंगाखाली रात्रभर झोपली होती ते. हे मान मागे टाकून हसत होते. "लीला, तू मला हे कधीच सांगितलं नाहीस!"

नाही सांगितलं. चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं. तिने एका जेवणात वाटून टाकलं, भडंगासारखं.

जाताना तिने मला दारात जवळ घेतलं. "किती वाळलीस गं. काही होतंय का?" मी म्हटलं, दात.


१४ डिसेंबर, रविवार

ते दोघं पहिल्यांदाच आठ फटक्यांनी सगळ्यांच्या पुढे. लालासाहेब म्हणाले, "कप आत्ताच देऊन टाकू का?"

मी मुद्दाम नवव्याला खड्डा टाळून खेळले. येतं हे आत्ताच कशाला दाखवायचं?


२१ डिसेंबर, रविवार

कप टेबलावर आहे. आधी सुभेदार म्हणाले, एक आठवडा तुमच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. मग काय वाटलं त्यांना कोण जाणे, पहिला आठवडा त्यांनीच मागून घेतला. फोटो काढायला म्हणून माझ्याकडे दिलाय, उद्या सकाळी त्यांचा मुलगा येऊन नेईल.

कसं झालं ते नीट लिहिते.

आमची जोडी ह्यांच्या जोडीच्या आधी खेळत होती. आठव्यापर्यंत आम्ही बरे खेळलो. सुभेदारांचा नवा गुडघा चांगला चालला. तरी ते दोघं आमच्याहून दोन फटक्यांनी पुढेच, हे आम्हाला कळत होतं. नवव्याला सुभेदारांचा चेंडू खड्ड्यात गेला. "झालं," ते म्हणाले. फटका माझा होता.

मी उतरले. वाळू मारली. चेंडू वर आला, अगदी हळू, मला त्याच्यावरची अक्षरं दिसली असं वाटलं. झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. सुभेदार ओरडले, "शाब्बास, वैनीसाहेब!" मी वळून बघितलं. मागे दूर ते दोघं आपल्या पाळीची वाट बघत उभे. हे तिच्याकडे बघत होते. ती दोन्ही हात वर करून त्यांना काहीतरी दाखवत होती, वारा वगैरे. माझा चेंडू बाहेर आला हे दोघांनीही पाहिलं नाही. सगळा महिना मी ज्याच्यासाठी खोटं बोलून कराडला जात होते, ते घडलं आणि पाहिलं कोणी, तर शमशेर सुभेदारांनी.

हरणाबाई काठावर होतीच. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक जोडीनंतर नववा खड्डा सारखा करायचं काम तिचं. मी तिला म्हटलं, "सकाळपासून उभी आहेस, जा, चहा घेऊन ये. मी ओढते दाताळं." ती गेली. मी ओढलं. घाईत एक पाऊल राहून गेलं बहुतेक, उताराच्या बाजूला.

ह्यांचा चेंडू खड्ड्यात आला आणि गडगडत त्याच पावलात जाऊन बसला. अर्धाअधिक आत. आसियाने मारला, तो वीतभर हलला. ह्यांनी मारला, तो काठाला लागून परत आत. मग आसियाने काढला, पण तो झेंड्यापासून लांब पडला आणि आणखी एक फटका गेला. एका फटक्याने ते हरले.

बक्षीस घेताना टाळ्या झाल्या. आसियानेही वाजवल्या. माझ्याकडे बघत होती, हसत नव्हती.

गाडीत आज रेडिओही लावला नाही. हे एवढंच म्हणाले, "पाऊल होतं तिथे. स्पर्धेच्या दिवशी पाऊल राहतं म्हणजे काय!"


२२ डिसेंबर, सोमवार

लालासाहेबांचा ह्यांना फोन. काल बक्षिसानंतर ते हरणाबाईला सगळ्यांसमोर बोललेच होते; आज तिला कामावरून काढलं. "आठ वर्षांत एक दिवस शब्द राखायचा होता तिला," म्हणत होते. "विचारलं तर तोंड उघडत नाही. चूक झाली म्हणायलासुद्धा तयार नाही." गुरुवारी ती खोली सोडून माणदेशात भावाच्या मेंढरांत जाणार.

ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बरं नाही झालं हे. पण काय करणार?"

मी म्हटलं, "हो, काय करणार."


२४ डिसेंबर, बुधवार

आज दंतवैद्याचं नाव न सांगता निघाले.

हरणाबाईची खोली म्हणजे पत्र्याखालची एक चौकट. ती भांडी पोत्यात भरत होती. मला बघून तिने पाट पुढे केला आणि भांडी भरायचं सोडलं नाही.

"तू लालासाहेबांना सांगितलं का नाहीस? मीच तुला चहाला पाठवलं होतं."

"तुमी सांगाल म्हनून गप ऱ्हायले."

"हरणाबाई, माझ्या लक्षातच आलं नाही गं. घाईत एखादं पाऊल..."

तिने हातातला तांब्या खाली ठेवला. "वैनीसाहेब, न्हानपनापास्नं मेंढरं राखली म्या. चाललेलं पाऊल येगळं आन् थांबलेलं येगळं. मेंढरू पळालं का हुबं ऱ्हायलं, लांडग्याला भ्यालं का पान्याला वळलं, समदं मातीवर लिवल्यालं असतं. चालत्या पावलाची वाळू मागं उडती. च्या घिऊन काठावर आले तवा चेंडू त्यातच हुता; त्या टाचंला चौफेर काठ हुता. एकदा दाबली, ती पुरना, म्हनून पुन्यांदा दाबल्याली. आन् ती बी बराबर मी तुमाला दावली हुती त्याच जाग्याला."

पत्र्यावर कावळा चालत होता. 

"येवढा राग कुनाचा आला हुता वं?" तिने विचारलं. रागाने नाही, मेंढरू का बिथरलं असं विचारावं तसं.

"माझ्या नवऱ्याचा..." मी सुरुवात केली आणि वाक्य पुढे गेलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "सायेबांचा न्हाई. सायेब तर बाराबी महिने तसंच असत्यात. ऱ्हाऊ द्या. मला काय करायचंय? तुमचं तुमाला ठावं."

घरी येऊन २१ तारखेचं पान उघडलं. 'राहून गेलं बहुतेक' असं लिहिलंय. ही वही मी कपाटात कुलपात ठेवते, कोणी वाचत नाही. मग हे खोटं मी कोणाला सांगितलं?

हरणाबाईला मी म्हटलंय, गुरुवारी जाऊ नकोस, रविवारपर्यंत थांब. ती म्हणाली, "बगू."


२६ डिसेंबर, शुक्रवार

सांगलीला गेले. लालासाहेबांच्या आधी आसियाला सांगायचं होतं. का आधी, ते मला नीट सांगता येत नाही. हरला तर नवराही होता, पण तो विचारच मनात आला नाही.

शोएबभाईंचं घर पेढीच्या मागेच. अंगणात हळकुंडं पसरलेली, त्यांच्यातून वाट काढत वर गेले. आसिया चष्मा लावून काही शिवत बसली होती.

मी उभ्यानेच सांगितलं. टाच, दोनदा, सगळं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"हरणाबाई बोलली?"

"मी बघत होते ना. तुझा चेंडू एका फटक्यात बाहेर आला. मी दोन्ही हात वर करून नाचायची बाकी होते, तू बघून न बघितल्यासारखं केलंस. मग तू दाताळं घेतलंस, सगळी वाळू छान ओढलीस, बाहेर आलीस. आणि मग परत आत गेलीस, लिली."

परत आत गेले होते. हे मला आठवत नव्हतं. आता आठवलं.

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"काय बोलू? पाचगणीत माझी रिबन कोणी घेतली की तू अशीच करायचीस, तिच्या बुटात खडे घालून ठेवायचीस. मला वाटलं, नवऱ्याच्या जवळ कोणी उभं राहिलेलं तुला खपत नाही. आपणच लांब व्हावं. म्हणून फोनसुद्धा केला नाही."

"तसं नाही."

"मग कसं?"

 मी म्हटलं, "तू त्यांना लिली सांगितलंस. सिक-रूमचंही सांगितलंस."

 तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाली, "मी दर रविवारी दीड तास गाडी हाकत येते, ती काय इंद्रजितला वाळू शिकवायला?"

 तिने खाली हाक मारून चहा मागवला. चहात आलं जास्त होतं. जिना उतरताना ती वरून म्हणाली, "आधी त्या बाईचं बघ. माझं नंतर."

इस्लामपूरपर्यंत गाडी चालवत आले आणि मग कडेला थांबवून रडले. का, हे लिहायला आज शब्द नाहीत. दुःख झालं होतं असंही नाही.


२८ डिसेंबर, रविवार

सांगितलं. चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर. बसून बोलता येईना म्हणून उभी राहिले.

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "वैनीसाहेब, हे तुम्ही मला घरी येऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"हरणाबाईला तुम्ही सगळ्यांसमोर बोललात."

 ते उठले आणि स्वतः तिच्या खोलीकडे चालत गेले. अर्ध्या तासाने आले तेव्हा म्हणाले, "थांबतेय ती. पण मला म्हणाली, मालक, आदी पाऊल बगायला शिका, मग मानसं काडा." सगळे हसले. मी नाही.

कप यंदा कोणालाच नाही. आणि मी होळीपर्यंत खेळायचं नाही.

सुभेदार माझ्याकडे न बघता बोलले. "मी तर फिराया आलो हुतो, वैनीसाहेब. तुमीच जिंकिवलंत. नातवानं कप शाळेत न्हेऊन दाखवला." आणि गाडीकडे गेले. जुना गुडघा दुखत असावा, लंगडत होते. आजच्या दिवसातलं मला सगळ्यात जास्त तेच लागलं. आसिया आली नव्हती.

उंब्रज आलं तेव्हा ह्यांनी गाडीचा आरसा नीट केला. मला वाटलं, आता चाळीस वर्षांचं सगळं निघणार.

"म्हणजे तुझा चेंडू खरंच पहिल्या फटक्यात बाहेर आला?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही तिच्याकडे बघत होतात."

"मी?" त्यांनी गाडी हळू केली. "हो. बघत होतो. तिचं लक्ष खेळात नव्हतंच त्या दिवशी. सारखी पुढे तुमच्या जोडीकडे बघायची. मला वाटलं, वाऱ्याचा अंदाज घेतेय."

मग म्हणाले, "दंतवैद्य म्हणजे हे होतं तर." आणि त्यांच्या आवाजात मला थोडं कौतुक वाटलं. मला ते महिनाभर हवं होतं. मिळालं, तेव्हा मी खिडकीबाहेर उसाच्या गाड्या बघत होते.


४ जानेवारी, रविवार

हे एकटे गेले आणि साडेदहालाच परत आले. "आसिया नव्हती. मजा नाही." हरणाबाई कामावर आहे. तिने ह्यांना विचारलं म्हणे, "वैनीसाहेबांचा दात बरा झाला का?"

सुभेदारांना चिठ्ठी लिहिली. उत्तर नाही.


८ जानेवारी, गुरुवार

सकाळी आसियाचा फोन. हॅलो नाही, कशी आहेस नाही.

"हरणाबाईचं झालं?"

"झालं."

"रविवारी येते. मैदानावर नाही, घरी. इंद्रजित किती वाजेपर्यंत खेळतात?"

"एकपर्यंत. तू नसलीस तर लवकर येतात."

"मग नऊला पोचते. नाश्ता करू नकोस, मी आणते."

फोन ठेवला आणि मी उगाचच पडदे धुवायला काढले. मग कपाटातल्या साड्या बघितल्या. मग आरशात केस. मेंदीची वाटी भिजवली होती, ती ओतून टाकली.

दुपारी चहाला हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "लीला, ह्या रविवारी तरी येईल का गं आसिया? तुझ्याशी काही बोलली?"

"मैदानावर? मला नाही वाटत."

"माझ्यावर रागावली असेल का?"

"तुमच्यावर कशाला रागावेल?"

"मग तुला काही सांगत कशी नाही? आणि मला एक फोन नाही."

त्यांचा चेहरा उतरला. मी तो नीट बघितला. दोन महिने रोज सकाळी आरशात मी तोच चेहरा बघत आलेय.

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. रविवारचं सांगितलं नाही.